कंपासाठी डीबीएस झाल्यावर बोलणं कसं तपासावं

डीबीएसने, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवून करंट देण्याच्या उपचाराने, हाताचा कंप थांबतो, पण जीभ जड होऊ शकते. इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंना असतील तर हा धोका जास्त. क्लिनिकमध्ये रुग्णाला एका श्वासात, जमेल तितक्या भराभर ‘प-त-क’ म्हणायला सांगा. उपकरण चालू असताना आणि बंद करून, दोन्ही वेळा रेकॉर्ड करा. कान ‘त’ आणि ‘क’वर ठेवा: जीभ पूर्ण टेकत नाही, मधून हवा निसटते, ‘क’ घासून निघतो. करंट थॅलॅमसमधून (मेंदूतला खोल भाग, जिथे इलेक्ट्रोड असतो) इंटर्नल कॅप्सूलकडे (स्नायूंना हुकूम नेणाऱ्या तंतूंचा जुडगा) पसरला तर उच्चार ताठर होतात. सेरिबेलमच्या (तोल आणि ताल सांभाळणारा लहान मेंदू) तंतूंवर गेला तर ताल मोडतो, चालही डगमगते. मग डॉक्टर करंट थोडा उतरवतात, पल्स अरुंद करतात (करंटचा प्रत्येक ठोका कमी वेळाचा) किंवा कॉन्टॅक्ट (इलेक्ट्रोडवरचा करंट सोडणारा बिंदू) बदलतात. प्रत्येक बदलानंतर कंपही तपासाच, तो परत डोकावू शकतो.