पाड्यावरचे अतिदारिद्र्य कसे मोजावे

जागतिक बँकेच्या जून २०२५ च्या हिशेबानुसार २०२२ साली जगातले १०.५ टक्के लोक, म्हणजे सुमारे ८३.८ कोटी माणसे, अतिदारिद्र्यात होती. भारताचा २०२२-२३ चा आकडा ५.३ टक्के आहे. आकडा कितीही मोठा असो, त्याची सुरुवात कुणाच्या तरी ओट्यावर बसून विचारलेल्या 'मावशी, गेल्या सात दिवसांत तेल किती लागलं?' अशा प्रश्नातून होते. अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपडा या सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या गावाची मोजणी करायची असेल तर हीच पद्धत वापरता येते. ग्रामपंचायत, शाळेतले शिक्षक, समाजकार्याचे विद्यार्थी, कुणीही ती करू शकते. मात्र जगाच्या आकड्याशेजारी ठेवण्याजोगा आकडा हवा असेल तर प्रत्येक पायरी नीट पाळावी लागते.

आधी रेषा ठरवा

अतिदारिद्र्याची आंतरराष्ट्रीय रेषा आज माणशी दिवसाला ३ डॉलर आहे; ज्याचा रोजचा खर्च याहून कमी, तो अतिगरीब. १९९० च्या सुमारास ती १ डॉलर होती. पुढे १.२५, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ पासून ३. ही रेषा गरीब देशांच्या स्वतःच्या दारिद्र्यरेषांवरून ठरते, आणि भावांची नवी तुलना हाती आली की तीही नव्याने ठरते. म्हणून १.९० च्या रेषेचा जुना टक्का आणि ३ च्या रेषेचा नवा टक्का शेजारी ठेवून 'गरिबी वाढली' किंवा 'घटली' म्हणणे चूक आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा रुपयांत बदलताना होतो. बाजारातला डॉलर ८० रुपयांच्या पुढे आहे म्हणून ३ डॉलरचे २४० रुपये धरले, तर अख्खा तालुका अतिगरीब निघेल. हे डॉलर क्रयशक्तीचे आहेत. अमेरिकेत एका डॉलरला मिळणारा माल-सेवा इथे किती रुपयांत मिळतात, त्यावरून हा दर निघतो, आणि २०२१ साली तो साधारण २० रुपये होता. म्हणजे रेषा २०२१ च्या भावाने दिवसाला साधारण ६० रुपये. ती महाराष्ट्राच्या ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांकाने आजच्या भावावर आणा: ६० गुणिले मोजणीच्या महिन्याचा निर्देशांक, भागिले २०२१ ची सरासरी. निर्देशांकाचे पायाभूत वर्ष मध्येच बदलले असेल तर दोन मालिका थेट भागू नका, जोडगुणक (जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडणारा आकडा) लावा. पुढच्या हिशेबासाठी भाव २० टक्क्यांनी वाढले असे धरू, म्हणजे रेषा ७२ रुपये.

देशी रेषाही सोबत ठेवावी. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना ९६७ रुपये होती. त्यानंतर सरकारने नवी अधिकृत रेषा स्वीकारलेली नाही. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली १९६०-६१ च्या भावाने ग्रामीण भागासाठी माणशी महिना १५ रुपये धरले होते.

चूल मोजा, कार्ड नको

पिवळ्या रेशनकार्डांची यादी घेऊन मोजणी करू नका. कार्ड कुणाला मिळाले आणि कोण किती खातो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाड्या-पाड्यावर फिरून स्वतः यादी करा. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. भाऊ एकाच घरात राहत असतील पण चुली दोन असतील, तर कुटुंबे दोन. पश्चिम खान्देशात अहिराणीत सरळ विचारावे, 'एक चुल्हावर कितला जण जेवतस?' भिली किंवा पावरी बोलणाऱ्या पाड्यावर तिथलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत हवी. फक्त मराठीत विचारले तर लोक 'हो' म्हणून मोकळे होतात.

पाड्यात शंभरापेक्षा कमी चुली असतील तर सगळ्याच घ्या. जास्त असतील तर यादीतून ठरावीक अंतराने निवडा. २४० चुलींतून ६० हव्या असतील तर १ ते ४ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर चौथे घर घ्या. रस्त्याकडेचीच घरे घेतली की आकडा हमखास चांगला येतो, कारण गरीब चुली बहुधा नाल्यापलीकडे किंवा वरच्या टोकाला असतात.

कुलूपबंद घर हा या भागातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला किंवा मजुरीला जातात आणि होळीला परततात. थंडीत गेलात तर सर्वांत गरीब घरेच यादीतून गळतात. त्यांच्याऐवजी शेजारचे घर घेणे ही सरळ फसगत आहे. मोजणी दोनदा करा: एकदा श्रावण-भाद्रपदात, कोठीतले धान्य संपत आलेले असताना, आणि एकदा होळीनंतर. पण होळीच्या आठवड्यात किंवा भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजार-जत्रेच्या) दिवसांत जाऊ नका. त्या सात दिवसांत कपडे, गूळ, मटण असा वर्षभरात न होणारा खर्च होतो, आणि तो महिन्याला लावला की गरीब घर एकदम सुखवस्तू दिसते.

किती दिवसांचे विचारायचे

इथे आकडा खरोखर हलतो. आपल्या कुटुंब-खर्चाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आज तीन मुदती वापरतात. तेल, भाजी, फळे, अंडी, मासळी-मटण, मसाला, चहा, तंबाखू, दारू यांसाठी गेले ७ दिवस. धान्य, डाळ, साखर, मीठ, जळण, वीज, प्रवास यांसाठी ३० दिवस. कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च, भांडी-वस्तू यांसाठी ३६५ दिवस. पूर्वी सगळेच ३० दिवसांचे विचारत. भाजी-तेलासारखी रोजची वस्तू महिन्याभराची आठवताना माणूस कमी सांगतो. कपडे-दवाखान्याचा खर्च वर्षातून क्वचित होतो, म्हणून महिन्याच्या मुदतीत तो बहुतेक घरांत शून्य येतो. २०११-१२ साली भारतात दोन्ही पद्धतींनी माहिती घेतली होती. १.९० डॉलरच्या रेषेने जुन्या पद्धतीत २१.२ टक्के लोक गरीब निघाले, नव्या पद्धतीत १२.४ टक्के. देश तोच, वर्ष तेच, बदलली ती फक्त विचारण्याची मुदत. एका घरात १० दिवसांचे आणि दुसऱ्या घरात महिन्याचे विचारले, तर ती मोजणी टाकून दिलेली बरी.

विचारायचे ते खाल्ले किती, विकत घेतले किती नव्हे. घरचे धान्य शेतातल्या विक्रीच्या भावाने धरा. भेट मिळालेले किंवा जंगलातून आणलेले लाकूड, मोहफुले, रानभाजी गावातल्या किरकोळ भावाने धरा. ओट्यावर 'एक पायली' असे उत्तर आले की तिथेच थांबा. पायली गावागावाला वेगळी, आणि एकाच पायलीत ज्वारी-उडदाचे वजनही वेगळे भरते. पिशवीत १० किलोचा डिजिटल काटा ठेवा, त्यांच्याच मापाने भरून घ्या, एकदा वजन करा आणि तो आकडा त्या पाड्याच्या पानावर लिहून ठेवा. भाव आठवडे बाजारात स्वतः तीन दुकानांत विचारा.

रेशनचे फुकट धान्य स्वतंत्र रकान्यात लिहा आणि शेवटी ते धरून व न धरून असे दोन आकडे द्या. उचल, कर्जफेड, बियाणे, खत, पंपाचे डिझेल हा उपभोग नाही, ते बाहेर ठेवा. दारू-तंबाखूचा प्रश्न घरच्या बाईंना आणि पुरुषांना वेगवेगळा विचारा. सगळ्यांसमोर खरे उत्तर येत नाही.

एका चुलीचा हिशेब

समजा एका चुलीवर सहा माणसे आहेत. तीस दिवसांत रेशनचे ३० किलो धान्य २२ रुपयांनी ६६०, घरची ज्वारी ३० किलो २५ रुपयांनी ७५०, तीन किलो डाळ ३३०, साखर-मीठ १५०, जळण-वीज-मोबाइल-प्रवास १,४००. एकूण ३,२९०. रेशनवर ३५ किलो मिळाले असले तरी खाल्ले ३० किलो, म्हणून ३०च धरायचे.

सात दिवसांत तेल पाऊण किलो १०५, भाजी १५०, अंडी-मासळी १८०, मिरची-मसाला ४०, चहा-दूध ७५, विडी-तंबाखू ५०. एकूण ६००. याला ३० भागिले ७ ने गुणा, २,५७१ येतात. पुष्कळ जण 'महिना म्हणजे चार आठवडे' म्हणून चारने गुणतात आणि इथेच १७१ रुपये हरवतात.

वर्षात कपडे-चपला ९,०००, शाळा २,४००, दवाखाना ६,०००, भांडी-वस्तू ३,०००. एकूण २०,४००, महिन्याला १,६७७.

तिन्ही मिळून ७,५३८. माणशी महिना १,२५६, दिवसाला ४१.९ रुपये. रेषा ७२, म्हणजे हे घर रेषेच्या ३०.१ रुपये, सुमारे ४२ टक्के, खाली आहे. रेशन न धरता तोच आकडा ३८.२ येतो.

आता याच घरात कुणी आजारी पडले आणि वर्षाचा दवाखाना ६,००० ऐवजी ९०,००० झाला असे धरा. महिन्याचा खर्च १४,४४२ होतो, दिवसाला माणशी ८० रुपये. घर रेषेच्या वर! बैल विकून, सावकाराचे कर्ज काढून भरलेले बिल या पद्धतीत सुबत्ता म्हणून नोंदले जाते. तुलनेसाठी तो खर्च काढून टाकू नका, पण पैसा कुठून आला हे विचारा आणि अशी घरे वेगळी मांडा. आमच्या मते या मोजणीतली सर्वांत दुखरी जागा हीच आहे, आणि तिच्यावर पांघरूण घालू नये.

टक्का काढताना

माणसे मोजा. ६० पैकी १८ चुली रेषेखाली असतील तर ३० टक्के चुली गरीब. पण गरीब चुलीवर सरासरी साडेसहा माणसे आणि बाकीच्यांत साडेचार असतील, तर ३०६ पैकी ११७ माणसे, म्हणजे ३८ टक्के गरीब. जगाचे सगळे आकडे माणसांचे असतात.

त्याच्या जोडीला दारिद्र्याची खोली काढा: प्रत्येक गरीब माणूस रेषेच्या किती टक्के खाली आहे त्याची बेरीज करा आणि ती गावातल्या सगळ्या माणसांनी भागा. वरचे घर ४२ रुपयांवरून ६५ वर आले तरी डोक्यांचा टक्का हलत नाही, खोली मात्र उतरते. योजनेचा उपयोग झाला का, हे बहुधा इथेच दिसते.

२४० पैकी ६० चुली घेतल्या असतील तर चुलींच्या ३० टक्क्यांमागे दोन्ही बाजूंना सुमारे १० टक्क्यांची चूक असू शकते. पुढच्या वर्षी २६ टक्के आले म्हणून गरिबी घटल्याचा फलक लावू नका.

पैशाच्या रेषेत न दिसणारे बरेच काही असते. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक पोषण, शाळा, पाणी, संडास, इंधन, बँक खाते अशा १२ गोष्टी पाहतो. २०१५-१६ च्या माहितीवर नंदुरबार जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक त्यात गरीब ठरले, राज्यात सर्वांत जास्त. हे प्रश्न त्याच भेटीत दहा मिनिटांत विचारून होतात.

शेवटी ६० पैकी सहा चुलींवर आठवड्याच्या आत दुसऱ्या माणसाने पुन्हा जावे आणि माणसे, धान्य व तेल एवढेच विचारावे. माणसांचा आकडा जुळला नाही तर त्या प्रगणकाची सगळी पाने परत तपासा. आकडा ग्रामसभेत वाचताना रेषा, महिना, मुदती, रेशन धरले की नाही आणि किती घरांना कुलूप होते, हे त्याच ओळीत वाचून दाखवा.