मुलांसोबत मंडला आर्ट: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

मंडला आर्टचं, म्हणजे वर्तुळात केंद्राभोवती सारखे आकार पुन्हा पुन्हा काढत जाण्याचं, काम सुरू करणारे बरेच जण पहिल्या दिवशी इंटरनेटवरून एखादी बारीक नक्षीची आकृती छापून आणतात आणि अख्ख्या वर्गाला वाटतात. थोड्याच वेळात काही मुलांनी ती अर्धवट सोडलेली असते, काहींनी एकाच स्केचपेननं सगळं फासून टाकलेलं असतं, आणि शेजाऱ्याचं चित्र बघून कुणीतरी रडवेलं झालेलं असतं. दोष मुलांचा नसतो. ती आकृती मोठ्या माणसाच्या हातासाठी आणि मोठ्या माणसाच्या सबुरीसाठी बनवलेली असते. मुलांसोबत काम करताना चित्र किती देखणं झालं हे बघायचंच नाही. मूल त्या वर्तुळात किती वेळ निवांत राहिलं, एवढंच बघायचं. कागद, रंग, वेळ आणि तुमचं बोलणं, सगळं त्यावरून ठरतं.

या पद्धतीकडून किती अपेक्षा ठेवायची, हे आधीच माहीत असलेलं बरं. 2005 मध्ये अमेरिकेत 84 कॉलेज विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. आधी त्यांना भीतीदायक आठवण लिहायला लावली, मग काहींना मंडला, काहींना चौकटींची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. मंडला आणि चौकटी रंगवणाऱ्यांची चिंता उतरली, कोऱ्या कागदावर तसं झालं नाही. पण 2015 मध्ये शाळकरी मुलांवर परीक्षेआधी असाच प्रयोग केला, तेव्हा मंडला आणि मनानं काढलेलं चित्र, दोन्हींनी चिंता कमी झाली. म्हणजे वर्तुळात जादू नाही. ठरलेली चौकट, पुन्हा पुन्हा येणारी हालचाल आणि कुणी घाई न करणं, यातून मन शांत होत असावं. म्हणून ज्या मुलाला नुसतं वर्तुळ घेऊन आत हवं ते काढायचंय, त्याला ते करू द्या. पालकांना ‘एकाग्रता वाढेल, मार्क वाढतील’ असं सांगू नका.

आता सामान. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हाती कंपास देऊ नका. टोक बोचण्याची भीती आहेच, शिवाय त्यांच्या हातून ते घसरतं आणि पहिल्याच पायरीला मूल हिरमुसतं. त्यांना वाटी किंवा छोटी ताटली द्या, कडेनं पेन्सिल फिरवायला सांगा. साधारण 15 सेंमी व्यासाचं वर्तुळ या वयाला पुरतं. कागद जाडसर, 150 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा, 20 सेंमीचा चौरस घ्या. झेरॉक्सचा कागद पातळ असतो, स्केचपेनची शाई मागे उतरते आणि पुन्हा पुन्हा घासल्यावर तंतू सुटतात. लहानांना जाड तेलखडू, आठ वर्षांपुढे रंगपेन्सिली, दहा-अकरा वर्षांपुढे 0.5 मिमीचं काळं पेन. जेलपेन टाळा. त्याची शाई उशिरा वाळते, आणि डाव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाचं चित्र तर हमखास फिसकटतं. प्रत्येकाला तळहाताखाली ठेवायला रद्दी कागदाचा तुकडा द्या, आणि हात वळवण्यापेक्षा कागद फिरवायला शिकवा. रंग बारापेक्षा जास्त ठेवू नका. निवडण्यातच वेळ जातो.

भाग पाडणं ही खरी अडखळण्याची जागा. लहानांसाठी घडीची युक्ती चांगली: पातळ कागदाचं गोल कापा, अर्धं करा, पुन्हा अर्धं, पुन्हा अर्धं. उघडलं की आठ भाग. जाड कागदावर तिसरी घडी नीट बसत नाही आणि भाग लहानमोठे होतात, म्हणून घडी पातळ कागदाला घालायची आणि त्याच्या खुणा जाड कागदावर उतरवायच्या.

मोठ्या मुलांना कंपासनं बारा भाग करता येतात. वर्तुळ काढा, केंद्रातून एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा आखा. कंपासचं अंतर न बदलता, त्या रेषा परिघाला मिळतात त्या चारही टोकांवर कंपासची सुई ठेवून परिघावर दोन्ही बाजूंना खूण करा. आधीची चार टोकं आणि नव्या आठ खुणा मिळून बारा बिंदू होतात. खुणा सारख्या अंतरावर आल्या नाहीत, तर बहुधा कंपासचा स्क्रू सैल झालेला असतो किंवा पेन्सिल बोथट असते. दोन्ही आधी तपासून ठेवा, कारण इथली चूक शेवटपर्यंत सोबत येते.

आतली वर्तुळं किती? 15 सेंमी व्यासात 1.5, 3, 4.5, 6 आणि 7.5 सेंमी त्रिज्येची पाच वर्तुळं घेतली, तर सर्वांत आतल्या वर्तुळावर आठ भागांत प्रत्येक घर जेमतेम 1.2 सेंमी रुंद येतं. बारा भाग केले तर आठ मिलिमीटरही नाही. तिसरीतल्या मुलाला त्या जागेत पाकळी जमत नाही. त्याच्यासाठी आठ भाग आणि तीनच वर्तुळं ठेवा. मध्ये नुसता ठिपका किंवा रंगीत गोल चालतो. महाराष्ट्रातल्या मुलांना ठिपक्यांच्या रांगोळीची सवय असेल तर काम सोपं होतं. मात्र रांगोळीच्या पुडीची धूळ दम्याच्या मुलांना त्रास देते, म्हणून बंद खोलीत डाळी किंवा पानं वापरा. अगदी लहान मुलांना डाळी देऊ नका, नाकात जातात.

चाळीस मिनिटांची तासिका असेल तर पहिली तीन-चार मिनिटं पाय जमिनीवर टेकवून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगा. डोळे मिटण्याची सक्ती नको. काही मुलांना मिटलेल्या डोळ्यांनी भीती वाटते, त्यांना नजर खाली ठेवू द्या. पाच मिनिटं वर्तुळ आणि भागांसाठी, वीस-पंचवीस मिनिटं काढण्यासाठी, उरलेली बोलण्यासाठी. केंद्राकडून बाहेर जायचं, प्रत्येक फेरीत एकच आकार. खोडरबर फक्त आखणीपुरता द्या आणि मग गोळा करा. तो टेबलावर राहिला की काही मुलं पूर्ण वेळ खोडत बसतात. रेष चुकली तर तिला आकार द्यायचा आणि तोच बाकीच्या घरांत पुन्हा काढायचा, हे आधीच सांगून ठेवा.

एका मोठ्या माणसामागे बारा-पंधरा मुलं असावीत. वर्गात साठ असतील तर गट पाडा, सगळ्यांना एकदम बसवू नका.

तुमच्या बोलण्याची सर्वांत जास्त तयारी लागते. ‘वा, किती सुंदर!’ म्हटलं की मूल चित्र तुमच्यासाठी काढू लागतं, आणि ज्याला ‘वा’ मिळाली नाही ते गप्प होतं. त्याऐवजी दिसतं ते सांगा: ‘इथे तू निळा पट्टा रुंद केलास.’ शेवटी विचारा, ‘याला नाव द्यायचं झालं तर?’, ‘कुठे हात थांबला?’ उत्तर न देण्याची मुभा असावी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी केलेल्या मुलांची संकल्पचित्राची शिस्त इथे आडवी येते. गुण नाहीत, हे त्यांना वारंवार सांगावं लागतं. स्पर्धा, गुण, परवानगीविना भिंतीवर चित्र लावणं, हे पूर्णपणे टाळा.

मानसशास्त्रात मंडलाचा विचार रुजवण्यात स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगचा वाटा मोठा; 1918-19 च्या सुमारास तो वहीत रोज छोटी वर्तुळचित्रं काढत असे. पण त्याच्या प्रतीकांचे अर्थ मुलांच्या चित्रांना चिकटवू नका. काळा रंग म्हणजे दुःख, असं नसतं; बऱ्याचदा काळं स्केचपेन तेवढं चालू असतं. सत्राआधी आणि नंतर एक ते पाचच्या पट्टीवर ‘आत्ता कसं वाटतंय’ यावर मुलाला स्वतः खूण करू द्या. सहा-आठ आठवड्यांत आठवड्यातून एकदोन सत्रं झाली की त्या खुणा तारखांसह बघा. चित्रावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे भरवशाचं आहे.

हा उपक्रम म्हणजे उपचार नव्हेत. मूल कागद फाडतं, सलग काही सत्रांत हात लावत नाही, झोप किंवा खाणं बिघडल्याचं घरून कळतं, स्वतःला इजा करण्याचं बोलतं, असं काही दिसलं तर समुपदेशक किंवा बालमानसतज्ज्ञाकडे पाठवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक पालकांना देता येतो, मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. म्हणूनच पहिल्या सत्रातच मुलांना सोप्या शब्दांत सांगा, की इथलं बोलणं इथेच राहील, पण कुणाला धोका असेल तर ते मला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल.