नेम रोज नव्या जागी चुकतो? डार्ट्स खेळताना या चुका टाळा

हौशी डार्ट्स खेळाडूंची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. काल हात मस्त चालला होता, आज एकही डार्ट मनासारखा बसत नाही. मग लगेच डागडुजी सुरू होते. पकड बदल, पाय थोडा पुढे घे, दुसरी फ्लाइट, म्हणजे डार्टच्या मागची पंखासारखी पाती, लावून बघ. तासाभरात चार गोष्टी बदलल्या जातात आणि त्यातल्या कशाने फरक पडला हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मते सातत्य न येण्याचं सगळ्यात मोठं कारण ही दुरुस्तीची घाईच आहे. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातून निघतात.

एका डार्टवरून निदान करणं

ट्रेबलची, म्हणजे तिप्पट गुण देणारी, पट्टी जेमतेम 8 मिलिमीटर रुंद असते. 2.37 मीटरवरून ती गाठायची तर वरपासून खालपर्यंत मिळून एका अंशाच्या पाचव्या भागाइतकीही मोकळीक हाताला मिळत नाही. इतक्या बारीक कामात डार्ट थोडा इकडेतिकडे जाणारच. एक डार्ट खाली गेला म्हणून पुढचा मुद्दाम वर मारला, तर मूळची चूक आणि वरची दुरुस्ती या दोन्हींची बेरीज होते आणि डार्ट आणखी पसरतात.

त्यापेक्षा असं करा. एका कागदावर बोर्डाचं साधं चित्र काढा. 20च्या ट्रेबलवर नेम धरून 30 डार्ट मारा आणि प्रत्येक तीन डार्टनंतर ते कुठे लागले त्या ठिपक्यांची नोंद करा. मध्ये काहीही सुधारायचं नाही. शेवटी ठिपक्यांचा आकार बघा, तोच तुमचा आजार सांगतो.

ठिपके दाटीवाटीने पण भलत्याच जागी असतील, उदाहरणार्थ सगळे 5च्या बाजूला सरकलेले, तर आनंद माना. फेक चांगली आहे, फक्त उभं राहण्याची जागा किंवा नजरेची रेघ सरकली आहे. ओकीवर, म्हणजे फेकण्याच्या रेषेवर, दोन बोटं डावीउजवीकडे सरकून बघा.

ठिपके उभ्या पट्ट्यात पसरले असतील तर गडबड डार्ट सोडण्याच्या क्षणात किंवा फेकीच्या जोरात आहे. हौशी खेळाडूंमध्ये हाच प्रकार जास्त दिसतो, आणि त्याला कारणही आहे. सेकंदाला 6 मीटर वेगाने सरळ आडवा सुटलेला डार्ट बोर्डापर्यंत पोचेतो जवळपास पाऊण मीटर खाली येईल. म्हणून आपण सगळेच नकळत तो थोडा वरच्या दिशेने, कमानीत सोडतो. जोर जरा कमी पडला किंवा बोटं निमिषभर उशिरा उघडली की कमान बदलते आणि उंची चुकते. इथे सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे हात पूर्ण पुढे जाऊ देणं. बरेच जण डार्ट सुटला की हात आखडता घेतात, जणू काम संपलं. बोटं लक्ष्याकडे रोखलेली राहतील इतका हात लांब जाऊ द्या. हात थांबायची जागा ठरली की सुटण्याची वेळही बरीचशी आपोआप जागेवर येते.

आडवा पसारा दिसला तर कोपराकडे बघा. कोपर फेकताना बाहेर फाकतं का? की एखादं बोट बॅरलवर, म्हणजे डार्टच्या पकडायच्या भागावर, जास्त वेळ रेंगाळतं? हे स्वतःला जाणवत नाही. मोबाइल मागे ठेवून संथ गतीत चित्रण करा. हात, कोपर आणि लक्ष्य एकाच उभ्या रेषेत आहेत की नाही ते लगेच दिसेल.

आणि चौफेर पसारा असेल, काही ताळमेळच नसेल, तर तंत्राचा विचार सध्या बाजूला ठेवा. बहुधा प्रत्येक डार्ट तुम्ही वेगळ्या ठिकाणी पकडत आहात. बॅरलच्या नक्षीवरची एक ठरावीक खाच शोधा आणि अंगठा दर वेळी तिथेच ठेवा. एवढ्यानेही पसारा आवरतो.

बोर्डच चुकीच्या जागी

हे तपासायला पाच मिनिटं लागतात, तरी कितीतरी जण वर्षानुवर्षं तपासत नाहीत. बुलचा, म्हणजे बोर्डाच्या केंद्रातल्या वर्तुळाचा, मध्य जमिनीपासून 1.73 मीटरवर हवा. ओकीचं 2.37 मीटर अंतर बोर्डाच्या दर्शनी भागापासून मोजायचं, भिंतीपासून नाही. बोर्डाची जाडी आणि त्यामागची कंस-पट्टी मिळून काही सेंटिमीटर सहज खातात. शेवटची खात्री तिरक्या मापाने करा. बुलच्या मध्यापासून ओकीच्या पुढच्या कडेपर्यंत 2.93 मीटर भरलं पाहिजे. सॉफ्ट-टिप, म्हणजे प्लास्टिकच्या टोकाच्या डार्टच्या, यंत्रावर खेळत असाल तर ओकी सहसा 2.44 मीटरवर असते. घरी एका मापावर सराव आणि बाहेर दुसऱ्या मापावर सामना, असं करून हातावर अन्याय करू नका.

दिवा एकाच बाजूला असेल तर पहिल्या डार्टची सावली ट्रेबलवर पडते आणि दुसऱ्या डार्टला लक्ष्य धूसर दिसतं. वरून किंवा चारही बाजूंनी येणारा उजेड हवा. सिसल तंतूंचा बोर्ड असेल तर आकड्यांची कडी काढून तो अधूनमधून फिरवा, नाहीतर 20चं घर आधी झिजतं आणि तिथून डार्ट गळू लागतात. बोर्डावर पाणी मात्र मारू नका. तंतू फुगतात आणि बोर्ड कायमचा बिघडतो.

वजनात उत्तर शोधणं

नियमांनुसार डार्ट 50 ग्रॅमपर्यंत चालतो, पण बहुतेक लोक 21 ते 26 ग्रॅमच्या आसपासच स्थिरावतात. या पट्ट्यात कुठलंही वजन तुम्हाला रातोरात चांगला खेळाडू बनवणार नाही. एक निवडा आणि निदान काही महिने त्याला हात लावू नका. हलक्या डार्टला जोर लावावा लागतो, जड डार्ट लवकर खाली येतो, आणि दोन्हींची सवय होते. सवय न होऊ देणं हाच खरा घोटाळा.

शाफ्ट (बॅरल आणि फ्लाइट यांना जोडणारी दांडी) आणि फ्लाइट यांचं थोडं वेगळं आहे, कारण त्यांचा परिणाम डोळ्यांना दिसतो. डार्ट हवेत शेपटी हलवत जात असेल तर मोठी फ्लाइट किंवा लांब शाफ्ट लावून बघा, मागच्या भागाला जास्त हवा मिळते आणि डार्ट लवकर सरळ होतो. पण आधी फेक तपासा. बोटांनी डार्ट एका बाजूला ढकलला जात असेल तर मोठी फ्लाइट ते फक्त झाकते. टोकाला बारीक खडबडीत कड आली असेल तर डार्ट तारेवर आपटून परत येतात आणि बोर्डाचे तंतूही उचकटले जातात. धार लावायच्या दगडावर टोक हलकेच फिरवलं की काम होतं. सुईसारखी अणकुची नको.

पुढे झुकण्याचा मोह

काही जण बोर्डाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं झुकतात. तर्क बरोबर वाटतो, अंतर कमी झालं की नेम सोपा. पण पूर्ण वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर आलं की तोल सावरण्यात मांडी आणि कंबर गुंतते. पहिला डार्ट ठीक जातो, तिसऱ्याला शरीर डुलतं. तिसरा डार्ट सतत खाली जात असेल तर आधी हेच तपासा. वजन पुढच्या पायावर जास्त असावं, पण मागच्या पायाचं बोट जमिनीला टेकून तोल सांभाळलेला हवा. तीन डार्ट फेकून झाल्यावरही त्याच जागी निवांत दोन सेकंद उभं राहता आलं, तर उभं राहणं जमलं म्हणायचं.

तिसरा डार्ट चुकण्याचं दुसरं कारण घाई. पहिले दोन 20च्या ट्रेबलमध्ये बसले की 180, म्हणजे तीन डार्टचे सर्वाधिक गुण, डोळ्यांसमोर नाचू लागतात आणि हात लय सोडतो. तिन्ही डार्टमध्ये सारखं अंतर राहील अशी एक छोटी ठरलेली क्रिया ठेवा. पकड, श्वास, नेम, फेक. एखादा डार्ट नीट हातात बसला नाही तर हात खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. असं केल्याबद्दल कोणी गुण कापत नाही.

काही खेळाडूंना याच्या उलट त्रास होतो. हात मागे येतो, पण डार्ट बोटांतून सुटतच नाही. याला डार्टायटिस म्हणतात आणि पाच वेळा विश्वविजेता ठरलेला एरिक ब्रिस्टो 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने हैराण झाला होता. म्हणजे हे नवशिक्यांचं दुखणं नाही. अशा वेळी जोर लावून डार्ट सोडायचा प्रयत्न केला तर हात अजूनच अडकतो. गुण मोजणं बंद करा, काही दिवस कुठल्याही घरावर नेम न धरता नुसते डार्ट बोर्डात मारा, मग हळूहळू लक्ष्य आणा.

दोन तास फक्त 20 वर

असा सराव मेहनती दिसतो, पण पहिल्या अर्ध्या तासानंतर खांदा थकतो आणि पुढे तुम्ही थकलेल्या हाताची फेक घोटत राहता. वीस-पंचवीस मिनिटांचा सराव रोज, आणि त्यात काहीतरी पणाला लागलेलं असेल असा खेळ. 1988चा विश्वविजेता बॉब अँडरसन याच्या नावाने ओळखला जाणारा ‘बॉब्ज 27’ मला सगळ्यात आवडतो. सुरुवात 27 गुणांनी होते. डबल म्हणजे बोर्डाच्या बाहेरच्या कडेची, दुप्पट गुण देणारी पट्टी. डबल 1पासून डबल 20पर्यंत आणि शेवटी बुल, प्रत्येकाला तीन डार्ट. लागलेल्या प्रत्येक डार्टमागे त्या डबलची किंमत मिळते, तिन्ही चुकले तर तेवढी एकदा वजा. शून्य किंवा त्याखाली गेलात की खेळ संपला. पहिले पाच डबल चुकले तर 27वरून थेट उणे 3. पहिले काही दिवस असंच होईल, घाबरू नका.

प्रगती मोजताना एका लेगची, म्हणजे 501 पासून नेमकं शून्यावर उतरायच्या आणि शेवट डबलवरच करायच्या एका डावाची, सरासरी बघू नका, ती फारच उड्या मारते. 501 संपवायला 30 डार्ट लागले तर तीन डार्टची सरासरी 50.1, 25 लागले तर 60.12. शेवटच्या डबलवर पाच डार्ट वाया गेले एवढाच या दोहोंत फरक असू शकतो. पाच-सहा दिवसांचे आकडे एकत्र करून बघा.

आपल्या हाताला न जमणारं लक्ष्य निवडणं

या चुकीबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला तर ही सगळ्यात महागाची वाटते. दूरदर्शनवरचे खेळाडू 20 वर मारतात म्हणून आपणही मारतो. पण बोर्डाची रचनाच अशी आहे की 20च्या दोन्ही बाजूंना 5 आणि 1 आहेत. तीन डार्ट या तीन घरांत एकेक पडले की मिळतात 26. तोच पसारा 19 वर झाला तर शेजारी 7 आणि 3, बेरीज 29. 16 वर 8 आणि 7 धरून 31. 14 वर 11 आणि 9 धरून 34. पसारा मोठा असेपर्यंत बोर्डाच्या डाव्या बाजूला किंवा 19 वर मारणं कमीपणाचं नाही, हिशेबाचं आहे. गठ्ठा घट्ट झाला की 20 वर परत या.

आता मघाचा ठिपक्यांचा कागद पुन्हा समोर घ्या. 20 आणि 3च्या घरांत डबलची पट्टी आडवी असते, साधारण 5 सेंटिमीटर लांब आणि फक्त 8 मिलिमीटर उंच. उभा पसारा असलेल्या हाताला याहून वाईट लक्ष्य नाही. 6 आणि 11 इथे तीच पट्टी उभी होते. तिथे वरखाली चुकायला 5 सेंटिमीटरची मोकळीक मिळते. 11च्या लगेच खाली 8 आहे, त्याखाली 16, आणि 6च्या लगेच खाली 10. म्हणजे डार्ट वरखाली जाणाऱ्या खेळाडूने डबल 20चा हट्ट सोडून डबल 8 किंवा डबल 10 धरावा, आणि आडवा पसारा असलेल्याने खुशाल डबल 20 किंवा डबल 3 धरावा.

त्यात 32 उरवण्याचा फायदा वेगळाच. डबल 16 चुकून आतल्या साध्या 16 मध्ये डार्ट गेला तर 16 उरतात, म्हणजे डबल 8. तोही आत चुकला तर डबल 4, मग डबल 2, मग डबल 1. 40 उरवले तर डबल 20, 10, 5 आणि पुढच्या चुकीला हातात विषम 5 उरतात, आधी एखादा डार्ट विषम घरावर खर्च करावा लागतो. 36 तर त्याहून लवकर अडतं, डबल 18 नंतर डबल 9 आणि तो चुकला की लगेच विषम 9. म्हणून शेवटच्या तीन डार्टआधी 60च्या आसपास उरले असतील तर फक्त मोठा आकडा मारू नका, मागे काय उरेल ते ओकीवर जाण्याआधी ठरवा. 52 उरले असतील तर साधे 20 मारून 32 ठेवता येतात, 48 असतील तर साधे 16 मारून तेच 32.