रिसीव्हर काळा आहे, तरी वाफ कमी? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की वाटतं, आता सोलर डिश, म्हणजे ऊन एका जागी गोळा करणारा मोठा खोलगट आरसा, धो धो वाफ देणार. देत नाही. आरसा फक्त सरळ येणारं ऊन रिसीव्हरवर, म्हणजे ज्यात पाण्याची वाफ होते त्या काळ्या भागावर, गोळा करतो. धुळीने पांढुरक्या झालेल्या आभाळातलं विखुरलेलं ऊन त्याच्या कामाचं नाही. म्हणून रिसीव्हरमधली पाण्याची कॉइल उघडायच्या आधी जमिनीवरची स्वतःची सावली बघा. तिची कड पुसट असेल तर दोष आभाळाचा.

रंगाची चूक मी स्वतः केली आहे. धुळ्याजवळच्या एका वसतिगृहात १६ चौरस मीटरची शेफ्लर डिश (स्वयंपाकाच्या वाफेसाठी वापरतात तो सोलर डिशचा एक प्रकार) होती. वाफ कमी पडतेय म्हणून गेटला मारतात तो काळा ऑइलपेंट रिसीव्हरला फासला. दोन दिवस भाताला नाही, पण अंगणाला वास. तिसऱ्या दिवशी पापुद्रे. तिथे जास्त उष्णता सोसणारा रंगच हवा. त्याहून बरा सिलेक्टिव्ह लेप: तो ऊन ९५ टक्क्यांच्या आसपास शोषतो, पण स्वतः तापल्यावर साध्या काळ्या रंगाच्या मानाने फार थोडी उष्णता बाहेर फेकतो.

सगळ्यात महाग चूक मात्र तापमानाचा हव्यास. रिसीव्हरमधून बाहेर फेकली जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या (अंश सेल्सिअस अधिक २७३) चौथ्या घाताने वाढते. १५० अंशांवरून २०० वर गेलात तर हे उत्सर्जन दीडपटीहून जास्त होतं. डाळ-भाताला एवढं तापवायचं कशाला? प्रेशर लागेल तेवढंच ठेवा.

प्रकाशाचा ठिपका रिसीव्हरबाहेर सांडतो म्हणून मोठा रिसीव्हर बसवणारेही भेटतात. क्षेत्रफळ वाढलं की उष्णतेची गळतीही वाढली. त्यापेक्षा ऋतूनुसार डिशचं सेटिंग करा आणि ठिपका वेल्डिंगच्या काचेतून बघा, उघड्या डोळ्यांनी नको.

साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तोच वारा रिसीव्हरची उष्णता पळवतो. तोंड खाली झुकलेल्या खोलगट रिसीव्हरमध्ये गरम हवा कोंडून राहते, तिथे हा त्रास कमी. पाठीमागचं इन्सुलेशन ओलं झालं असेल तर ते बदलाच. बोअरचं पाणी थेट वापरू नका, आत क्षार धरतात.

रिसीव्हरला निर्वात (आतली हवा काढलेल्या) काचनळ्या असतील तर टोकाचा चंदेरी डाग बघा. तो पांढरा पडला म्हणजे निर्वात गेला, नळी बदला.

आरसे पहाटे धुवा. दुपारी बारा वाजता तापलेल्या काचेवर पाइपने गार पाणी मारणारा एक हौशी माणूस प्रत्येक ठिकाणी असतोच. त्याला आधी गाठा.