माइल्ड हायब्रिड गाडी: घेण्यापूर्वी काय समजून घ्यावे आणि ती कशी चालवावी

माइल्ड हायब्रिड गाडी इंजिनावरच चालते, केवळ विजेवर ती धावत नाही, हे घेण्यापूर्वीच पक्के ध्यानात ठेवावे. नेहमीच्या अल्टरनेटरच्या (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) जागी तिच्यात पट्ट्याने इंजिनाला जोडलेला आयएसजी, म्हणजे इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर, असतो. वेग कमी होताना तो वीज तयार करतो, वेग घेताना त्याच विजेने इंजिनाला हातभार लावतो आणि सिग्नलला थांबलेले इंजिन अलगद पुन्हा सुरू करतो. मारुती सुझुकीच्या अर्टिगातील लिथियम-आयन बॅटरी १२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम ७२ वॉट-तासांची असते. लॅपटॉपच्या बॅटरीएवढ्या या साठ्यातून मिळणारा हातभार काही क्षणांचाच असणार.

विक्रेता नुसते ‘हायब्रिड’ म्हणत असेल, तर माइल्ड की स्ट्राँग (म्हणजे काही अंतर केवळ विजेवरही धावणारी), हे स्पष्ट विचारावे. २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड विटाराच्या माइल्ड हायब्रिड मॅन्युअल मॉडेलचे प्रमाणित मायलेज लिटरला २१.११ किलोमीटर होते, तर स्ट्राँग हायब्रिडचे २७.९७, किमतीतला फरकही तसाच मोठा. ज्यांचा प्रवास मुख्यतः महामार्गावर एकसारख्या वेगाने होतो, त्यांनी माइल्ड हायब्रिडसाठी मुद्दाम जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

शहरात मात्र सवय बदलली तर फायदा दिसतो. पुढचा सिग्नल लाल दिसताच अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून वेग उतरू द्यावा, म्हणजे आयएसजीला वीज साठवायला वेळ मिळतो. शेवटच्या क्षणी करकचून दाबलेल्या ब्रेकने ती संधी जाते. थांबल्यावर मॅन्युअल गाडी न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद होते आणि क्लच दाबताच सुरू होते. क्लचवर पाय ठेवूनच सिग्नल काढणाऱ्यांना (आणि असे पुष्कळ आहेत) हा लाभ मिळत नाही. एसीवर ताण असेल, बॅटरी उतरलेली असेल किंवा इंजिन पुरेसे तापलेले नसेल, तर ते बंद होत नाही. हा बिघाड नव्हे. इंजिन असे आपोआप थांबलेले असताना इग्निशन बंद केल्याशिवाय गाडीतून उतरू नये.

खंबाटकीसारखा घाट उतरताना छोटी बॅटरी लवकर भरते, त्यामुळे आयएसजीवर विसंबून न राहता खालचा गिअरच वापरावा. लिथियम-आयन बॅटरीखेरीज गाडीत असलेली नेहमीची लेड-अॅसिड बॅटरी बदलताना स्वस्तातली साधी बॅटरी न बसवता, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली स्टार्ट-स्टॉपसाठीचीच, म्हणजे इंजिन आपोआप बंद-सुरू होणाऱ्या गाड्यांसाठीचीच, घ्यावी.