डिसेंबरातल्या घळी: नॉर्थ वॉशला पहिल्यांदा येताय तर

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मला निरोप यायला लागतात. "ताई, यंदा आम्हीपण आलो तर चालेल का?" अमेरिकेत युटात शिकायला आलेली पोरं असतात, तिकडे सह्याद्रीत चार-पाच पावसाळे घातलेली, धबधब्याच्या बाजूनं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, केलेली. चालेल की! पण दर वेळी फोनवर तासभर तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या आठवड्यात आम्ही तीस-चाळीस जण हँक्सव्हिलच्या दक्षिणेला, 95 नंबरच्या रस्त्यालगत नॉर्थ वॉश नावाच्या कोरड्या ओढ्यात तंबू ठोकतो. दिवसा घळी, म्हणजे पाण्यानं दगडात कापलेल्या खोल, अरुंद फटी, उतरायच्या, रात्री शेकोटी. कुणी आयोजक नाही, फी नाही, गाइड नाही. हे नीट वाचा, कारण "कॅम्प" म्हटलं की आपल्याकडे जेवणाचं आणि बॅच लीडरचं गृहीत धरलेलं असतं. इथं आपापला रोप (दोर), आपापला स्टोव्ह आणि आपापली अक्कल.

थंडीतच का, हा पहिला प्रश्न. या घळींना पुराची भीती. जुलै ते सप्टेंबर इथं वळवासारख्या सरी येतात आणि उघड्या खडकावर पडलेलं पाणी मुरत नाही, थेट घळीत उतरतं. ऑगस्ट 1997 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप घळीत पुरानं 11 जणांचा जीव गेला. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हे, वर दूर कुठेतरी पडला होता. सप्टेंबर 2015 मध्ये युटातल्याच झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल घळीत 7 जणांचा. हिवाळ्यात असा धो धो पाऊस सहसा येत नाही, उन्हाची काहिली नसते, म्हणून कोरड्या घळींचा हा हंगाम. त्याची किंमत दोन गोष्टींत मोजायची: गारठा आणि छोटा दिवस. साडेसातच्या पुढे सूर्य उगवतो, पाचला मावळतो. घळीत तर दुपारी तीनलाच संध्याकाळ.

आता दगडाचं, कारण सह्याद्रीवाले इथंच चुकतात. आपला बेसाल्ट भिजला की निसरडा होतो, पण मोडत नाही. इथला दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, दाबून घट्ट झालेल्या. भिजला की तो आतून कमजोर होतो, आणि कालपर्यंत माणूस पेलणारी कड आज हातात येते. बर्फ पडून वितळला असेल तर दगड वाळेपर्यंत थांबायचं, एक दिवस, दोन दिवस, लागलं तर तीन. चार तास गाडी हाकून आलोय म्हणून उतरायचंच, हा हट्ट मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा त्यांच्यासोबत गेले नाही. तसे दिवस आमच्याकडे पत्ते कुटण्यात जातात.

घळी निवडताना आकडे बघायचे. 3A असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा दोरकामाचा, 1 ते 4. 3 म्हणजे रॅपल आहेच. अक्षर पाण्याचं: A कोरडी किंवा जेमतेम पाणी, B म्हणजे साठलेलं पाणी, पोहावंही लागेल, C म्हणजे वाहतं. पुढे रोमन आकडा असला तर तो वेळेचा. R किंवा X ही जादा धोक्याची खूण, ती दिसली तर पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. तिथं तळ इतका अरुंद असतो की दोन भिंतींना पाठ-पाय रोवून जमिनीपासून दहा-पंधरा मीटर वरून आडवं सरकायचं असतं, आणि घसरलात तर धरायला रोप नसतो. आपल्याकडे चिमणी, म्हणजे दोन भिंतींमधली उभी फट, चढलेला माणूस म्हणतो, "मला येतं." चिमणी वर जाते आणि संपते. इथं ती शंभर मीटर आडवी पसरलेली असते आणि मांड्या थरथरायला लागल्या की विसाव्याला जागा नसते.

पहिल्या दिवशी मी लेप्रेकॉन नावाच्या घळीला नेते. रस्त्यापासून जवळ, आणि माणूस ओळखायला उत्तम. शेवटच्या भागात घळ इतकी आवळते की पाठीवरची सॅक काढून स्लिंगला (पट्टीच्या फासाला) बांधून मागे ओढावी लागते. मागच्या वर्षी पुण्याचा एक मुलगा, चांगला सहा फुटी, बरोबर तिथं अडकला. डोकं एकीकडे वळलेलं, हेल्मेट दोन्ही बाजूंनी घासतंय, छाती पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. तो घाबरून जोरजोरात श्वास घ्यायला लागला. आणि श्वास घेतला की छाती फुगते, छाती फुगली की पाचर आणखी बसते. मी त्याच्या पुढे दीड हातावर होते, मान वळवता येत नव्हती, त्याचा फक्त हातमोजा दिसत होता. म्हटलं, "बाळा, आता काही करू नकोस. माझ्याबरोबर मोज. चार आकडे आत, आठ बाहेर." तिसऱ्यांदा आठ मोजताना भिंतीवरून वाळू सरसर पडल्याचा आवाज आला आणि तो बोटभर पुढे सरकला. मग पुन्हा बोटभर. बाहेर आल्यावर म्हणतो, "ताई, मी आयुष्यात इतका श्वास सोडला नव्हता." तर हे शिकून या: अडकलं की श्वास सोडायचा आणि जिथं जागा रुंद आहे तिथं, म्हणजे बहुतेकदा थोडं वर, सरकायचं. खाली घसरत गेलात तर स्वतःची पाचर स्वतःच ठोकता.

कपडे. सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर जुनं, जाड, फाटलं तरी रडू न येणारं. वाळूचा दगड म्हणजे सँडपेपर. नवं जॅकेट दोन तासांत कोपरातून पिसं सोडतं. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड आणा, व्हॉलीबॉलवाले स्वस्तातले चालतात. पाण्याची घळ असेल तर वेटसूट किंवा ड्रायसूट, आणि तो सॅकमध्ये नाही, अंगावर. साचलेल्या कुंडांवर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो. तो माणसाला पेलत नाही, पण पिंढरी मात्र कापतो.

गारठ्याची खूण मित्राकडे बघून ओळखायची, स्वतःकडे बघून नाही. जीभ जड होते, बोटांना साधी गाठ जमत नाही, सपाट वाळूत पाय अडखळतो. यातलं एक दिसलं की थांबा, कोरडे कपडे चढवा, गोड काहीतरी पोटात ढकला. "मी ठीक आहे" हे त्या वेळी सगळेच म्हणतात.

अँकर, म्हणजे रोप बांधायचा आधार, दगडात ठोकलेल्या बोल्टचे असतील ही अपेक्षा सोडा. कुठे घळीत अडकलेल्या दगडाला वेबिंग (नायलॉनची चपटी पट्टी) बांधलेलं असतं, कुठे वाळूत दगडांची रास पुरलेली असते आणि कुठे अँकर म्हणजे माणूस. एक जण खड्ड्यात बसतो, पाय भिंतीला टेकवतो, बाकीचे त्याच्या हार्नेसवरून उतरतात. शेवटी तो स्वतः खाली सरकतो आणि खालचे दोघं त्याला खांद्यावर झेलतात. जुनं वेबिंग दिसलं तर हातानं पूर्ण फिरवून बघा, दगडामागची बाजू उंदरानं कुरतडलेली किंवा उन्हानं पांढरी पडलेली असते. शंका आली तर कापा आणि नवीन बांधा. कापलेलं खिशात घालून परत आणायचं.

रोपाचं एक दुखणं मी स्वतः भोगलंय. शेवटून उतरणारी मीच होते, आणि रोप ओढून बघायचं आळसानं राहून गेलं. खाली सगळे पोचले, रोप खालून ओढून काढायला गेलो तर कडेवरच्या खाचेत रोप बसलेला. वरून ओल्या वाळूत भिजून कडक झालेला. तास गेला, पाच जण कुंडाशेजारी कुडकुडत उभे. तेव्हापासून नियम असा: शेवटच्याच्या आधी उतरलेल्यानं खालून हातभर रोप ओढून बघायचा, सुटतोय असं ओरडायचं, मगच शेवटचा उतरणार. शिट्टीच्या खुणाही सकाळीच ठरवा. प्रत्येक गटाच्या निराळ्या असतात आणि वळणापलीकडे शब्द कळत नाहीत.

गट चार ते सहाचा. आठ जण म्हटलं की प्रत्येक रॅपलला पाऊण तास आणि शेवटचे दोन हेडलॅम्पवर. सकाळी शेकोटीपाशी आमच्यातला एक पांढऱ्या दाढीचा सुतार गाडीच्या बॉनेटवर वही उघडून बसतो. कोण कुठल्या घळीत, पुढे कोण, गाडीची चावी कुठल्या टायरवर, किती वाजता परत. संध्याकाळी परतलात की आधी वहीत खूण, मग चहा. खूण न करता तंबूत झोपलेल्या एका जोडप्याला शोधायला रात्री नऊला सहा माणसं निघाली होती. त्यांना सकाळी काय ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. इथं मोबाइलला रेंज नसते. एप्रिल 2003 मध्ये अ‍ॅरन रॅल्स्टन याच भागातल्या ब्लू जॉन घळीत एकटा गेला, कुठं जातोय हे कुणालाच न सांगता, आणि दगडाखाली हात अडकून पाच दिवस राहिला. शेवटी स्वतःचा हात स्वतः कापून सुटला. वहीचं महत्त्व यापेक्षा वेगळं समजावता येत नाही.

राहण्याचं थोडक्यात. पाणी हँक्सव्हिललाच भरून घ्या, माणशी रोजचे चार लिटर. तिथला पेट्रोल पंप बघाच, त्याचं दुकान चक्क डोंगर कोरून केलंय. रात्री पारा उणे 10 पर्यंत उतरतो. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, बर्फ वरून धरतं, म्हणजे सकाळी झाकणाकडचं पाणी मोकळं मिळतं. गॅसचा डबा, कॉन्टॅक्ट लेन्स, फोन हे सगळं झोपण्याच्या पिशवीत तुमच्याबरोबर. लाकूड सोबत आणायचं, वाळवंटातलं झाड तोडायचं नाही, आगीखाली पत्र्याचं ताट ठेवायचं आणि राख घरी न्यायची. शौचालय याच रस्त्यावरच्या हॉग स्प्रिंग्जला आहे. बाकी ठिकाणी पिशवीत करून पिशवी परत. नाक मुरडू नका, या वाळूत काही कुजत नाही.

जेवणात पहिल्या वर्षी मी इथल्यांसारखे पाकिटातले शेवयांचे प्रकार आणले आणि तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले. आता पिठलं. बेसन आधीच भाजून, मिरची-लसूण-जिरं वाटून डबीत. उकळत्या पाण्यात आठ मिनिटांत होतं, आणि थंडीत गॅस मंद चालतो तेव्हा ही आठ मिनिटं फार मोलाची. घळीत खिशात गूळ-शेंगदाणे. चॉकलेट दगडासारखं होतं, दात तुटेल. त्या सुतारानं गेल्या वर्षी माझं थालीपीठ चाखलं आणि यंदा नोव्हेंबरातच विचारणा केलीय.

तेव्हा भाजणी मी आणते. लसणाची चटणी तुमच्याकडे. आणि येण्याआधी एकदा घराच्या गच्चीत हातमोजे घालून आठाची गाठ मारून बघा, अंधारात, दहा वेळा.