पाण्याखाली झूम विसरा, जवळ जा

पाण्याखालचे फोटो निळसर, गढूळ आले की खापर कॅमेऱ्यावर फुटतं. दोष बहुधा अंतराचा असतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. 5-6 मीटर खोलीवर तो जेमतेम उरतो. शिवाय तुमच्या आणि माशाच्या मध्ये जितकं जास्त पाणी, तितके जास्त तरंगते कण. म्हणून झूम न करता हातभर अंतरापर्यंत सरका. पाण्यात वस्तू असते त्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने जवळ भासते, तेव्हा ‘पोचलो’ वाटलं तरी अजून थोडं पुढे जायचं असतं.

पाठलाग मात्र नको. त्यात हाती लागतात फक्त शेपट्या! एका जागी स्थिर राहा, श्वास संथ चालू ठेवा. मासे आपणहून परत येतात. समुद्रफुलात (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, सी अ‍ॅनिमोन) राहणारा क्लाउनफिश मासा तर तुम्हाला हुसकायला थेट लेन्ससमोर येतो. चेहरा टिपायची वेळ तीच.

कॅमेऱ्यातला फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर कण उजळून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. सुटा फ्लॅश असेल तर तो बाजूला लांब धरून किंचित बाहेर वळवा. संरक्षित क्षेत्रात फ्लॅश चालतो का, हे आधीच विचारून घ्या.

आणि तोल सांभाळता येत नसेल तर आज कॅमेरा बोटीतच राहू द्या. फ्रेम जुळवण्याच्या नादात प्रवाळावर टेकलेला गुडघा किंवा मागे लागलेला पायातल्या फिनचा (पोहण्याच्या पंखाचा) फटका आपल्याला कळतही नाही. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात.